एक रुपयाचा हिशेब

निवडणुकीतील पैशाचा विषय निघाला की, "तो हिशेब कोणाला कळतो?" असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक हा हिशेब गुप्त नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार प्रत्येक उमेदवाराने निकालापासून 30 दिवसांच्या आत आपला खर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. आपल्यापुरते हे अधिकारी म्हणजे धारवाडचे जिल्हाधिकारी. 1961 च्या निवडणूक नियमांतील 88 व्या नियमानुसार एक रुपया शुल्क भरून कोणालाही हा हिशेब पाहता येतो. वेगळे शुल्क भरल्यास साक्षांकित नक्कलही मिळते.

कर्नाटकात 2022 पासून खर्चाची मर्यादा विधानसभेसाठी 40 लाख, तर लोकसभेसाठी 95 लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात ठरविले. पण त्याच वर्षी सरकारने वटहुकूम काढून तो निर्णय निष्प्रभ केला. म्हणून उमेदवाराच्या हिशेबाबरोबर पक्षाच्या देणग्याही पाहाव्या लागतात. तेथेही 20,000 रुपयांवरील देणगीदारांचीच नावे पक्षाला आयोगास कळवावी लागतात.

परंतु कागद उघड झाला म्हणजे माहिती लोकांपर्यंत पोहोचली, असे मला वाटत नाही. निवडणूक रोख्यांचेच उदाहरण घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ही योजना घटनाबाह्य ठरविली. 14 मार्चला दोन याद्या प्रसिद्ध झाल्या. एकीत रोखे घेणारे, दुसरीत ते वटविणारे पक्ष. परंतु कोणाचा रोखा कोणाकडे गेला, हे त्यांवरून समजेना. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर 21 मार्चला रोख्यांचे क्रमांक मिळाले, तेव्हा कोठे दोन्ही याद्या एकमेकींशी जुळविता आल्या.

हे जुळविण्याचे काम आपल्या आवाक्यातले आहे. पुढील निवडणुकीनंतर आपल्या वाणिज्य व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हुबळी-धारवाडच्या मतदारसंघांतील हिशेबांच्या नकला मिळवाव्यात आणि सभा, वाहने, छपाई, जाहिराती यांवर किती खर्च झाला, स्वतःचे किती, पक्षाचे किती, इतरांचे किती, याचा एक तक्ता मांडावा. तो कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत असावा. त्यात कोणावर आरोप नको, केवळ आकडे हवेत. प्रचाराच्या गाड्या आपल्या गल्लीतील मतदाराने डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. कागदावर किती दाखविल्या, हे कळले की तो आपला निष्कर्ष आपणच काढील.