वास जाईपर्यंत थांबा

अडीच महिने जपून बनवलेली गाडी अर्ध्या तासात बिघडली. माझ्या डोळ्यांसमोर बॉनेटवर बारीक सुरकुत्या उठल्या, दाराची कोरीव रेघ मऊ होऊन बुजली आणि मागच्या जोडाच्या कडेने रंग फुगून वर आला. हातात एअरब्रश होता आणि खोलीत थिनरचा वास कोंडला होता. प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या बनवायचा छंद नव्याने लागलेल्यांसाठी त्या दिवशी काय झालं ते सविस्तर सांगतो. त्यातली प्रत्येक चूक टाळता येण्यासारखी होती.

माझे मामा ताडोबात मोहर्ली गेटवर सफारीची जिप्सी चालवत. लहानपणी उन्हाळ्यात चंद्रपूरला गेलो की त्या उघड्या गाडीच्या मागच्या बाकावर बसणं हाच सुट्टीचा अर्थ होता. मामांच्या एकसष्टीला ती गाडी 1/24 मापात बनवून द्यायची, असं मी ठरवलं. जिप्सीचा किट मला कुठे मिळाला नाही. पण मारुतीने 1985 मध्ये आणलेली जिप्सी ही सुझुकी जिम्नीचीच लांब बहीण, आणि जिम्नीच्या जेए-11 मॉडेलचा 1/24 मापातला किट जपानच्या हासेगावा कंपनीने काढला आहे. तो मागवला.

दोन्हींत मुख्य फरक लांबीचा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर जिम्नीत 2030 मिलिमीटर, तर जिप्सीत 2375. म्हणजे खऱ्या गाडीत 345 मिलिमीटरचा फरक, आणि 24 ने भागलं की 14.4. छप्पर काढायचं, दाराच्या मागे बॉडी उभी कापायची, 14.4 मिलिमीटरची पट्टी घालायची आणि खालची चासीही तेवढीच लांब करायची. या छंदात यालाच कस्टम काम म्हणतात आणि खरा आनंद त्यातच आहे. अमेरिकेत एएमटी कंपनीने 1958 मध्ये एकाच खोक्यातून तीन प्रकारच्या गाड्या बनवता येतील असे किट काढले: कारखान्यातून आली तशी, मनासारखी बदललेली किंवा शर्यतीची. तेव्हापासून किटसोबतचा नकाशा ही फक्त सुरुवात असते, हे मुलांनाही कळलं.

कापण्याचं काम चांगलं झालं. बारीक दातांची करवत वापरली. पट्टीसाठी पॉलिस्टायरीनची शीट घेतली, म्हणजे किट ज्या प्लॅस्टिकचा असतो तेच प्लॅस्टिक. चासीच्या दोन्ही पट्ट्यांत पितळी तार घातली आणि चारही चाकं एका सपाट काचेवर टेकतात का ते दर टप्प्यावर पाहिलं. मे महिना होता आणि एकसष्टी जुलैच्या शेवटी. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो, मामा घरी असतात, म्हणून समारंभ तेव्हा. हाती भरपूर दिवस आहेत असं वाटत होतं.

पहिली चूक जूनमध्ये झाली. जोडाच्या फटीत ट्यूबमधली पुट्टी भरली. गॅरेजमधले डेंटर तिला लांबी म्हणतात. एकाच थरात जाड भरली, दुसऱ्या दिवशी वॉटर पेपरने घासली आणि बोट फिरवून खूश झालो. आठवडाभराने प्रायमर मारला, तर जोडाच्या जागी स्पष्ट खाच. ट्यूबमधली पुट्टी पातळ ठेवणारा द्रव हवेत उडून जातो तेव्हा ती सुकते, आणि तो जितका उडतो तितकी पुट्टी आक्रसते. वरचा पापुद्रा तासाभरात कडक होतो, पण जाड थराच्या पोटातला द्रव बाहेर यायला कित्येक दिवस लागतात. मी ओल्या पुट्टीलाच सपाट केलं होतं. पुन्हा भरली, पुन्हा घासली. त्या घासण्यात कडांवरचा प्रायमर निघून गेला आणि उघडं प्लॅस्टिक दिसू लागलं. ते मी तसंच सोडलं.

दुसरी चूक त्याहून मोठी. समारंभाला आठ दिवस राहिले होते. मामांच्या गाडीचा गडद हिरवा रंग तयार होता, पण या कामासाठी मिळतं ते सौम्य थिनर संपलं होतं. मागवलं तर पाच-सहा दिवस लागणार. मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनरची बाटली आणली. फर्निचरच्या आणि खऱ्या गाड्यांच्या रंगात चालतं, म्हणजे इथेही चालेल, असा विचार केला. फर्निचर लाकडाचं असतं आणि खऱ्या गाडीचा पत्रा लोखंडाचा. माझी गाडी पॉलिस्टायरीनची होती, आणि हे प्लॅस्टिक त्या थिनरमध्ये विरघळतं. जिथे प्रायमर शाबूत होता तिथे थोडं निभावलं. कडांवर, दाराच्या रेघेत आणि जोडापाशी, जिथे प्लॅस्टिक उघडं होतं, तिथे ते मऊ पडलं, फुगलं आणि फाटलं.

बाहेर पाऊस होता म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. ही तिसरी चूक, आणि हिचा परिणाम फक्त गाडीपुरता राहिला नसता. तोंडाला कापडी मास्क होता. पंधरा-वीस मिनिटांत डोकं जड झालं, पण नवल म्हणजे वास कमी झाल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात बाहेरून आलेल्या आईने दार उघडलं आणि ती जवळजवळ ओरडलीच, "अरे, वास केवढा आहे! आणि आत दिवा लावलाय!" शेजारच्या खोलीत देवापुढे निरांजन तेवत होतं. मधलं दार पूर्ण बंद नव्हतं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ज्योतीपर्यंतही पोचू शकते. त्या संध्याकाळी काही पेटलं नाही. त्यात माझी काही हुशारी नव्हती.

एकसष्टीला मी रिकाम्या हाताने गेलो. परत आल्यावर बिघडलेली बॉडी समोर ठेवून आठवडाभर एकच विचार केला, आणि एक गोष्ट लख्ख कळली. आपल्या टेबलावरची जवळजवळ प्रत्येक बाटली, म्हणजे गोंद, पुट्टी, प्रायमर, रंग, थिनर, ही कुठल्या ना कुठल्या द्रवावर चालते. तो द्रव काही विरघळवतो आणि मग उडून जातो. तो काय विरघळवतो, हे बाटली उघडण्याआधी माहीत हवं. तो पूर्ण उडाला का, हे पुढचं पाऊल टाकण्याआधी माहीत हवं. आणि उडून तो कुठे जातो, हे श्वास घेण्याआधी माहीत हवं. माझ्या तिन्ही चुका या तीन प्रश्नांच्याच होत्या. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न: काय विरघळतं?

या छंदातला खरा गोंद प्लॅस्टिकला वितळवून जोडतो. तामियाचा एक्स्ट्रा थिन हा पाण्यासारखा पातळ गोंद दोन भाग एकमेकांना लावून धरल्यावर फटीच्या तोंडाशी ब्रशने टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. दोन्ही कडा मऊ होऊन एक होतात. म्हणूनच जोडायची शीट त्याच प्लॅस्टिकची हवी. बोट मात्र फटीवर ठेवू नका, गोंद बोटाखाली ओढला जातो आणि ठसा कायमचा उमटतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद धातू किंवा रेझिन जोडायला ठीक, पण काचेच्या भागांजवळ नको. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी धुरकट साय धरते. काचांसाठी पाण्यावरचा, सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरा.

रंगांचा क्रम पाठ करून ठेवा: खाली लॅकर, त्यावर पाण्याचा ॲक्रिलिक, सगळ्यात वर एनॅमल. लॅकरचं थिनर सर्वांत जहाल, म्हणून ते तळाला. एनॅमलवर लॅकर मारला की खालचा रंग सुरकुततो. रेघांत काळसर छटा भरण्यासाठी जे पातळ एनॅमल मिळतं, तेही उघड्या प्लॅस्टिकवर सोडू नका. ताण असलेल्या भागांत, म्हणजे दाबून बसवलेल्या ॲक्सलपाशी किंवा चासीच्या जोडात, ते शिरतं आणि प्लॅस्टिक तडकतं. आधी रंगाचा किंवा क्लिअरचा थर हवाच.

आणि कुठलीही नवी बाटली थेट गाडीवर नको. किटचे भाग ज्या चौकटीला लागून येतात, ती चौकट फेकू नका. ती त्याच प्लॅस्टिकची असते. तिच्यावर नवा रंग, नवं थिनर मारून एक दिवस ठेवा. मी हे केलं असतं, तर पाच रुपयांच्याही नसलेल्या तुकड्याने माझी गाडी वाचवली असती.

दुसरा प्रश्न: द्रव पूर्ण उडाला का?

यासाठी सोपी कसोटी आहे. रंगवलेला भाग काही तास झाकून ठेवा, मग उघड्या खिडकीशी नाकाजवळ धरा. वास येत असेल तर आत अजून द्रव आहे, म्हणजे घासणं, पॉलिश करणं, टेप लावणं बंद. बोटाला कोरडं लागणं आणि खरोखर सुकणं यात लॅकरच्या बाबतीत दिवसांचं, तर एनॅमलच्या बाबतीत आठवड्याचंही अंतर असू शकतं. पुट्टी पातळ थरांत भरा आणि दोन थरांमध्ये किमान एक रात्र जाऊ द्या. मोठी खाच असेल तर दोन भाग कालवून लावायची इपॉक्सी पुट्टी घ्या. ती द्रव उडून सुकत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होते, म्हणून जवळजवळ आक्रसत नाही. प्लॅस्टिकच्या जोडालाही मी आता दोन दिवस हात लावत नाही.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. लॅकरचा द्रव भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि चकचकीत रंगावर दुधाळ पांढरट झाक येते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. काटा 70 च्या वर असला तर मी रंगाला हात लावत नाही. ते दिवस कापण्याचे, घासण्याचे आणि आतल्या सीट बसवण्याचे. पावसाळ्यातल्या समारंभाची भेट रंगवायची असेल तर रंग मेअखेर झालेला हवा.

तिसरा प्रश्न: उडून कुठे जातो?

इथे मात्र नाकावर विश्वास ठेवू नका. गाडी सुकली का हे नाक सांगेल, तुम्ही सुरक्षित आहात का हे सांगणार नाही. सतत तोच वास आला की नाकाला त्याची सवय होते. मला वास कमी वाटत होता, कारण माझं नाक थकलं होतं. हवा तितकीच घातक होती. कापडी मास्क वाफ अडवत नाही. एन-95 सुद्धा धूळ आणि थेंब अडवतो, वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी लावलेला, सेंद्रिय वाफेसाठीचा रबरी मास्क लागतो, आणि त्या डब्या वेळेवर बदलाव्या लागतात. हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, खिडकी उघडी हवी. मात्र साध्या पंख्याच्या मोटरमधली ठिणगीही धोक्याची ठरू शकते, म्हणून वाफ मोटरवरून जाणार नाही अशी रचना करा. गॅस, निरांजन, उदबत्ती, सगळं आधी विझवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर घरात फवारणी करूच नका. ज्यांच्याकडे अशी सोय नाही, त्यांनी पाण्याच्या ॲक्रिलिक रंगांपासून ब्रशने सुरुवात करावी. त्यात कमीपणा काहीच नाही. खिडकी मात्र तेव्हाही उघडी असू द्या.

दुसरा किट मी ऑक्टोबरमध्ये घेतला, कोरडी हवा लागल्यावर. पुन्हा तीच करवत, तीच 14.4 मिलिमीटरची पट्टी. पुट्टीचे चार पातळ थर, प्रत्येकामागे एक रात्र. प्रायमर घासून प्लॅस्टिक दिसलं की तिथे पुन्हा प्रायमर. हिरवा रंग गच्चीवर, योग्य थिनरने, तीन हलक्या हातांत. मग दहा दिवस डब्यात. अकराव्या दिवशी डबा उघडून वास घेतला, अजून किंचित येत होता. आणखी चार दिवस थांबलो.

फेब्रुवारीत चंद्रपूरला गेलो. मामांनी गाडी खिडकीपाशी नेली, मागच्या बाकाकडे बराच वेळ पाहिलं. कापून वाढवली आहे हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी दारामागून मागच्या चाकापर्यंत अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"कुठून कापली रे?" त्यांनी विचारलं.

जोड त्यांना सापडला नाही. आज तो मलाही बोटाला लागत नाही, आणि त्याचं सगळं श्रेय त्या वाट पाहिलेल्या दिवसांना आहे. तुमच्या टेबलावर आत्ता एखादी अर्धी गाडी असेल आणि एखाद्या तारखेची घाई असेल, तर तारीख हुकू द्या. उशिरा दिलेली भेट माणसं आनंदाने घेतात. वितळलेलं प्लॅस्टिक मात्र पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.