ई-ग्रंथातील चरकसंहिता : शोध आणि संदर्भ

कपाटातून चरकसंहिता काढणारा वैद्य प्रथम तिचे मुखपृष्ठ पाहतो. पडद्यावर तीच संहिता उघडणारा मात्र थेट श्लोकाकडे धाव घेतो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

विद्यापीठ-ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत पहिली अडचण येते ती नावाची. रोमन लिपीतील सूचीत ‘चरक’ हा शब्द कोठे ‘सी’ या एकाच अक्षराने, तर कोठे ‘सीएच’ने आरंभिलेला असतो. दोन्ही रूपांनी शोध घ्यावा; न आढळल्यास कर्ता म्हणून ‘अग्निवेश’ हे नाव टंकून पाहावे. ग्रंथ सापडला तरी ती प्रत पृष्ठांची केवळ छायाचित्रे असू शकते. अशा प्रतीत शब्दशोध चालत नाही. तेव्हा ‘आढळले नाही’ या उत्तरावरून संहितेत तो शब्दच नाही, असे मानू नये. शब्दशोधासाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने सिद्ध केलेली टंकित ई-संहिता सोयीची आहे.

परंतु उद्धरण देताना आवृत्ती पाहिलीच पाहिजे. माझ्या मार्गदर्शनाखालील एका प्रबंधात ग्रहणीचिकित्सेचा संदर्भ एके ठिकाणी चिकित्सास्थान १५, तर दुसरीकडे १९ असा पडला होता. परीक्षकांनी एक चुकीचा ठरविला. विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही तत्काळ सुचले नाही. वस्तुतः दोन्ही बरोबर होते. चिकित्सास्थानातील १७ अध्याय दृढबलाने पूर्ण केले. ते नेमके कोणते, याविषयी मतभेद असून अध्यायांचा क्रमही आवृत्तीगणिक बदलतो. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेल्या, निर्णयसागरच्या १९४१ च्या आवृत्तीत ग्रहणीचा अध्याय १५ वा आहे. बंगालमधील गंगाधर यांच्या परंपरेत तो १९ वा येतो. विद्यार्थ्याने दोन ई-ग्रंथ चाळले होते, संपादकाचे नाव मात्र एकाचेही टिपले नव्हते.

वर्गणीच्या ई-ग्रंथांना मर्यादा असतात. काही ग्रंथ एका वेळी ठरावीक वाचकांनाच उघडतात, काहींतून एखादाच अध्याय उतरवून घेता येतो. घरून वाचण्यासाठी ग्रंथालयाचे प्रवेशनाम लागते. पदवी घेऊन गेलेल्या व्यावसायिकास ते बहुधा मिळत नाही; त्याने ग्रंथालयात बसून वाचण्याची अनुमती विचारावी. निर्णयसागरची उपरोक्त प्रत इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य पाहावयास मिळते. तेथे पडद्यावरील पृष्ठक्रमांक व छापील पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. संदर्भात छापीलच द्यावा.