परदेशी टीव्ही आपल्या घरी चालेल का?



भिलाईच्या मोहन नगरात आमच्या एका नातलगांकडे कपाटावर एक मोठा टीव्ही चादरीत गुंडाळून ठेवलेला आहे. थोरल्या मुलाने अमेरिकेहून परत येताना तो आजीसाठी मोठ्या हौसेने आणला होता. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये पिन बसेना, म्हणून त्याने बाजारातून एक स्वस्त पिन-अडॅप्टर आणला आणि बटण दाबले. ‘फट्’ असा आवाज झाला, मागून धूर निघाला. आजी एवढेच म्हणाली, “अरे, माझ्यासाठी कशाला एवढा खर्च केलास?”

चूक टीव्हीची नव्हती. मागची पट्टी वाचायची राहिली, ती चूक होती. तुमच्यापैकी अनेकांचे पालक बदलीवर, मोहिमेवर किंवा नोकरीसाठी परदेशी जातात. म्हणून हा धडा.

१. वीज

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. प्रत्यावर्ती विजेत हे आकडे वर्गमध्यमूळ मूल्याचे असतात. शिखर मूल्य काढण्यासाठी त्यांना १.४१४ ने गुणावे लागते. १२० चे शिखर सुमारे १७० व्होल्ट, तर २३० चे सुमारे ३२५ व्होल्ट. जो कपॅसिटर १७० व्होल्ट सोसण्याच्या हिशेबाने बसवला आहे, त्याच्यावर ३२५ व्होल्ट आले तर तो टिकणार कसा?

पिन-अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. टीव्हीच्या मागे ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर तो बहुतेक सगळ्या देशांच्या विजेवर चालेल. नुसते ‘१२० व्होल्ट’ असेल, तर आपल्याकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याची क्षमता टीव्हीच्या वॅटपेक्षा बरीच जास्त हवी.

२. प्रक्षेपणाची पद्धत

वीज जुळली म्हणजे चित्र दिसेलच असे नाही. जुन्या काळी जगात रंगीत चित्राच्या तीन पद्धती होत्या. अमेरिका व जपानमध्ये एनटीएससी, म्हणजे ५२५ रेषा. पश्चिम जर्मनीतून निघालेली पाल आणि फ्रान्स व सोव्हिएत संघातली सेकाम, या दोन्हींत ६२५ रेषा. भारताने १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू केले ते पाल पद्धतीने.

आपला पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. पण पुढे त्याच देशातला फक्त सेकाम जाणणारा रंगीत टीव्ही इथे लावला असता, तर रेषा जुळूनही चित्र कृष्णधवल दिसले असते. आवाजही आला नसता, कारण चित्र व आवाज यांच्या लहरींमधले अंतर तिथे ६.५ मेगाहर्ट्झ, तर आपल्याकडे ५.५ मेगाहर्ट्झ होते.

आता प्रक्षेपण डिजिटल झाले, तरी भिंती उभ्याच आहेत. भारत, युरोप व रशियात डीव्हीबी, अमेरिका, कॅनडा व दक्षिण कोरियात एटीएससी, जपान व ब्राझीलमध्ये आयएसडीबी, चीनची डीटीएमबी. म्हणून भारतातला टीव्ही अमेरिकेत नेऊन अँटेना जोडली, तर तिथल्या वाहिन्या लागणार नाहीत.

३. मार्ग आहे

सेट-टॉप बॉक्स असला की टीव्हीच्या ट्यूनरचे काम उरत नाही. बॉक्स ज्या देशाचा, त्या देशाच्या वाहिन्या तो पकडतो आणि एचडीएमआय तारेने चित्र टीव्हीला देतो. मात्र आपले बॉक्स बहुधा ५० हर्ट्झचे चित्र पाठवतात आणि अमेरिकेसाठी बनवलेले काही टीव्ही फक्त ६० हर्ट्झच स्वीकारतात. तेव्हा पडदा काळाच राहतो. माहितीपुस्तिकेत ५० आणि ६० हे दोन्ही आकडे आहेत का, ते पाहावे.

४. पैशाचा हिशेब

हमी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते. स्मार्ट टीव्हीतली काही ॲप्स देशानुसार बदलतात. शिवाय ऑगस्ट २०१३ मध्ये भारताने प्रवाशांच्या करमुक्त सामानातून सपाट पडद्याचा टीव्ही वगळला. नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडे चौकशी करावी. हा सगळा खर्च धरला, तर बहुतेक वेळा जिथे राहायचे तिथेच टीव्ही घेणे परवडते.

मोहिमेआधी आपण भूभागाची टेहळणी करतो. खरेदीआधीही तेच करावे: आधी व्होल्ट, मग हर्ट्झ, मग ट्यूनर, शेवटी हमी.

त्या मुलाने गेल्या दिवाळीत इथल्याच दुकानातून टीव्ही घेतला. या वेळी दुकानात उभे राहून त्याने मागची पट्टी दोनदा वाचली. आजी आता त्यावर सह्याद्री वाहिनी पाहते.

स्वाध्याय

१. घरातल्या टीव्हीच्या मागची पट्टी वाचून व्होल्ट, हर्ट्झ व वॅट वहीत लिहा.
२. जपानमधल्या विजेचे शिखर मूल्य किती?
३. पट्टीवर ‘२२०-२४० व्होल्ट’ आहे. हा टीव्ही अमेरिकेत न्यायचा तर कोणत्या प्रकारचा ट्रान्सफॉर्मर लागेल? कारण सांगा.