शास्त्राभ्यास : भावाभावांचे युद्ध कोठून उपजते?

शास्त्रभाग : १ राजे १२:१-२४

परराज्याशी होणारे युद्ध आणि एकाच राज्यातील लोकांचे आपसांतील युद्ध ही एका जातीची नव्हेत. पहिल्यात शत्रू वेशीबाहेरून येतो. दुसऱ्यात तो आपल्याच पंक्तीस बसून जेवलेला असतो. आजच्या धड्यात असे युद्ध पेटण्याच्या बेतास आले आहे. शलमोन मरण पावल्यावर लोक शखेमास जमले आणि आपल्यावरील जू हलके करावे, एवढेच त्यांनी मागितले. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली, वृद्धांचा सल्ला टाकला व तरुण सोबत्यांच्या शिकवणीने कठोर उत्तर दिले.

पुष्कळ शिक्षक येथे राजाच्या उद्धट जिभेसच दोष देऊन थांबतात. त्यांनी अठराव्या वचनाकडे लक्ष द्यावे. लोक संतापलेले असता राजाने त्यांजकडे कोणास पाठविले? वेठीवरील अधिकारी अदोराम यास! ज्याच्या कामाविषयी गाऱ्हाणे, तोच मध्यस्थ. लोकांनी त्यास दगडमार करून ठार केले. ओझे लोक पुष्कळ वर्षे वाहतात. परंतु दाद मागावयास जागा उरली नाही असे त्यांस कळले, म्हणजे दगड हाती येतात.

दाद मागावयाची जागाच खोटी निघाली म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्या बुलढाणे जिल्ह्यातच आहे. सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे सन १७२४ च्या आक्टोबरात मोठी लढाई झाली. दोन्ही सैन्ये एकाच मोगल बादशहाची म्हणविणारी! औरंगजेब १७०७ साली वारल्यावर १७१९ पर्यंत दिल्लीच्या तख्तावर सहा जण बसले, व सरदारांचा तख्तावरील विश्वास उडाला. निजामुल्मुल्क हा वजिरी सोडून दक्षिणेत आला, तेव्हा बादशहा महंमदशहाने उघड विरोध केला नाही. मात्र हैदराबादेचा सुभेदार मुबारिजखान यास त्याजवर चालून जाण्याची गुप्त फूस दिली. मुबारिजखान रणात पडला. निजामाने त्याचे शिर बंडखोराचे म्हणून दिल्लीस पाठविले, अभिनंदनही कळविले. आणि बादशहाने पुढल्याच वर्षी त्यास आसफजाह हा किताब दिला! मेलेल्या सेवकासाठी दरबारातून शब्दही निघाला नाही. गावास फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. त्या दिवसापासून दक्षिण दिल्लीच्या हातून गेली ती गेलीच. आसफजाही घराण्याचे राज्य १९४८ पर्यंत टिकले.

ह्याच तालुक्यातील सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांस १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात पुत्रांसह मारले. घरच्याच सरदारांचा विश्वास गमावलेली ती निजामशाही १६३६ साली बुडाली.

खेड्यातील मंडळीत तलवारी नसतात, हे खरे. पण वर्गणीच्या हिशेबाविषयी ज्याच्यावर संशय, त्यासच हिशेब तपासावयास बसविले, तर आपणही अदोरामासच पाठविले. पंचांनी सभेत एक बोलावे व रात्री एका पक्षाच्या ओसरीवर दुसरे, तर ती महंमदशहाचीच नीती झाली. असल्या फुटी मूळ भांडण विसरल्यावरही नातवंडांपर्यंत चालतात.

रहबामाने १,८०,००० निवडक योद्धे जमविले होते. शमाया नावाच्या देवाच्या माणसाने, ते तुमचे भाऊ आहेत, असे सांगून त्यांस अडविले, व ते घरी परतले. राज्य मात्र पुन्हा एक झाले नाही. वर्गात विचारावे : शमाया शखेमास त्या तीन दिवसांतच आला असता, तर त्याने प्रथम कोणाशी बोलावयास हवे होते?