उजव्या कुशीतील शूल : केवळ आंत्रपुच्छदाहच का?

गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, त्या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांत तो आढळतो. बीजकोश हे त्याचे नेहमीचे स्थान, तर आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स हे विरळ. मात्र तेथे ही ऊती असल्यास पाळीच्या सुमारास तिला सूज येते, क्वचित पुच्छाची पोकळीही अवरुद्ध होते आणि तीव्र आंत्रपुच्छदाहाचे चित्र हुबेहूब उभे राहते. उजव्या कुशीत शूल, हृल्लास, छर्दी ही लक्षणे दोहोंत समान. मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णिलेल्या बिंदूवरील स्पर्शासहत्वही दोहोंत मिळते. सोनोग्राफीने भेद होतोच असे नाही. निश्चित निदान बहुधा शस्त्रक्रियेने काढलेल्या पुच्छाच्या सूक्ष्मदर्शक परीक्षणानेच होते.

आपल्या दृष्टीने खरा धोका पुढे आहे. "दर महिन्याला असेच दुखते" असे रुग्णा सांगते तेव्हा चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील उदावर्तिनी योनिव्यापद आपणांस सहज आठवते. तेथे आर्तव प्रवृत्त होताच वेदना शमते आणि वातानुलोमन हीच चिकित्सेची दिशा ठरते. परंतु त्या दिवशीचा शूल आंत्रपुच्छदाहाचा असेल, तर एरंडतैल वा बस्ति दिल्याने पुच्छ फुटण्याचा संभव वाढतो. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की, पाळीशी असलेला संबंध ही निदानाची सूचना आहे, आंत्रपुच्छदाह नसल्याची ग्वाही नव्हे.

अशा रुग्णेस शेवटच्या पाळीची तारीख, पूर्वीच्या शूलाचा पाळीशी संबंध व वंध्यत्वाचा इतिहास अवश्य विचारावा. गर्भाशयबाह्य गर्भधारणेची शक्यता ध्यानी घेऊन गर्भचाचणी करवावी. वेदना एका जागी स्थिर होऊन वाढत असेल, खोकताना वा चालताना कळ येत असेल, ज्वर असेल, तर मुखावाटे काहीही न देता तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे व हा इतिहास चिठ्ठीत लिहावा. औषधविक्रेत्यांनीही पोटशूलावर विचारल्याविना रेचक देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर ऊतिपरीक्षणाचा अहवाल आवर्जून पाहावा. त्यात एंडोमेट्रिओसिस आढळल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण व्याधी अन्यत्रही असू शकतो. पाळीच्या शूलावरील आपल्या चिकित्सेचा विचार त्यानंतर, शांतपणे करावा.