फाँटावर ढकललेला दोष

सभासदांच्या याद्या आम्ही यूटीएफ-८ मध्ये, बिनचूक पाठवीत होतो. तरी पलीकडच्या कंत्राटदार मंडळींच्या पडद्यावर एखाद्या नावाच्या मधोमध, पोटात प्रश्नचिन्ह असलेली काळी शंकरपाळी उमटत, आणि विचारणा केली की "दोष तुमच्या फाँटात आहे, आमच्या चाचणीत सगळी नावे बरोबर येतात," असा जबाब बिनदिक्कत मिळे. चाचणीतली नावे रोमन लिपीतली होती, ही हकीकत मात्र कोणी सांगितली नाही.

अखेर दोन्हीकडचे बाइट मीच शेजारी शेजारी मांडले, तेव्हा प्रत्येक मोडके नाव ४०९६च्या पटीतल्या सीमेवर बसलेले आढळले. मंडळी डॉटनेटच्या मेमरीस्ट्रीममधून ४०९६ बाइटांचे तुकडे उचलीत आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे गेटस्ट्रिंगच्या हवाली करीत. रोमन अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा हलन्त, तीन बाइट व्यापते. सीमा त्या तिहींच्या मधून गेली की उरलेले अवशेष कोणत्याच अक्षराचे राहत नाहीत आणि त्यांच्या जागी ती शंकरपाळी येतात. फाँटाचा येथे संबंधच काय? हे उमगले तेव्हा समाधानापेक्षा संतापच अधिक झाला, आणि पुढे दुरुस्ती होऊन ती 'फाँटविषयक सुधारणा' म्हणून आमच्याच बिलात लागली तेव्हा तो दुणावला.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी सर्व बाइट जमवून टूॲरेवरून एकदाच रूपांतर करावे. मजकूर अवाढव्य असेल तर स्ट्रीमरीडर वापरावा, कारण तो अर्धवट राहिलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. मात्र पोझिशन आधी शून्यावर आणावी. लिहिणे संपल्यावर ती शेवटाला उभी असते, आणि रीडर काही तक्रार न करता रिकामी स्ट्रिंग हाती देतो. स्ट्रीमरायटरने लिहिले असल्यास फ्लश करावे, हे सांगावयास नको. गेटबफरच्या वाटेस जाऊ नये : थोडाथोडा लिहिलेला ३०० बाइटांचा मजकूर ५१२च्या बफरात राहतो आणि उरलेली २१२ शून्ये स्ट्रिंगच्या शेपटीस लागतात. आरंभी बीओएमची तीन बाइटांची खूण असेल तर गेटस्ट्रिंग ती अदृश्यपणे तशीच ठेवते व एक्सएमएलचे वाचन पहिल्याच अक्षरावर अडते. स्ट्रीमरीडर ती स्वतःच गाळतो.

चाचणीस ४०९६ बाइटांहून बराच मोठा मराठी मजकूर घ्यावा, आणि तशी अट करारनाम्यात लेखी घालून घ्यावी. तोंडी होकार देणाऱ्या मंडळींशी मी पुरेसा वाद घातला आहे.