घरात तान्हे बाळ असताना कैरीचा मुरांबा

उरण तालुक्यात सलग आंबाबागा आता थोड्याच राहिल्या आहेत. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी व पुढे बंदरासाठी जमिनी गेल्या आणि 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. भातखाचरे आणि मिठागरे कमी होत गेली. तरीसुद्धा चिरनेर, कळंबुसरे, मोठीजुई या बाजूला घरामागे दोन-चार आंबे, एखादा फणस आणि डोंगराकडेला करवंदाच्या जाळ्या अजून आहेत. या झाडांचा माल बाजारात नेण्याइतका नसतो आणि घरात खाऊन संपतही नाही. त्यातच मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की एका रात्रीत टोपलीभर कैऱ्या खाली येतात. त्यांचा मुरांबा करून ठेवणे हा चांगला उपाय आहे.

गेल्या हंगामात याच भागातील एका घरी जाण्याचा योग आला. वाऱ्याने पडलेल्या दहा-बारा किलो कैऱ्यांचा मुरांबा त्या घरच्या सुनेने एकाच दिवशी करायला घेतला होता. बाळ चार महिन्यांचे. पाक अर्धा होतो न होतो तोच बाळ रडू लागले, पातेले उतरवले गेले, आणि पुन्हा चढवण्याचे राहून गेले. श्रावणात बरणीला फेस आला, आंबूस वास सुटला, सगळा मुरांबा टाकावा लागला. साखर वाया गेलीच, शिवाय "तुझे लक्षच नव्हते" हा बोल सुनेच्या वाट्याला आला. आमच्या मते दोष सुनेचा नव्हता, पद्धतीचा होता. दोन तास सलग चुलीपाशी उभे राहायला लावणारी पद्धत तान्ह्या बाळाच्या आईसाठी नाही.

मुरांबा टिकतो तो साखरेमुळे. तयार मुरांब्यात विद्राव्य घटकांचे प्रमाण 68 टक्के किंवा त्याहून अधिक असले, तर किण्व व बुरशी यांना वाढण्यासाठी लागणारे पाणी मिळत नाही. पाक पातळ राहिला की पाणी शिल्लक राहते आणि पावसाळ्यातील दमट हवेत आंबण्याची क्रिया सुरू होते. पाक झाला की नाही हे एकतारी, दोनतारी पाहून ठरवतात. अनुभवी हाताला ते जमते. पण ज्या बाईला मध्येच तीन वेळा उठावे लागते तिने बोटांवर विसंबू नये, तराजूवर विसंबावे.

तराजूची रीत अगदी सोपी आहे. तयार मुरांब्याचे वजन, घातलेल्या साखरेच्या वजनाच्या दीडपट झाले की मुरांबा झाला असे समजावे. समजा, 1 किलो कैरीच्या फोडींना 1 किलो 200 ग्रॅम साखर घेतली, तर मुरांबा 1 किलो 800 ग्रॅम भरला पाहिजे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधीच करून भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. पातेले 900 ग्रॅमचे असेल, तर ते भरलेले 2 किलो 700 ग्रॅमवर आले की उतरवावे. जास्त भरले तर पुन्हा आचेवर ठेवावे, मग ते अर्ध्या तासाने का असेना. दरम्यान बाळाला पाजून झाले तरी काही बिघडत नाही. तापमापक असेल तर पाक सुमारे 105 अंश सेल्सिअसला येईपर्यंत शिजवावा. उरण समुद्रसपाटीला असल्याने हा आकडा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

काम दोन-तीन दिवसांत विभागावे. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त फोडी घेऊ नयेत. कैरी पूर्ण वाढलेली, कोय कडक झालेली, पण गर पांढराच असलेली निवडावी. पडून फुटलेल्या कैऱ्या त्याच दिवशी लोणच्याला किंवा पन्ह्याला वापराव्यात, मुरांब्यात घालू नयेत. झाडावरील कैऱ्या काढायच्या झाल्यास आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला वापरावा, म्हणजे देठ राहतो व चीक फळावर ओघळत नाही. हा चीक कातडीला पोळतो. कैऱ्या काढणाऱ्याने आणि चिरणाऱ्याने हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय बाळाला हात लावू नये. आजोबांना हे आवर्जून सांगावे, कारण टोपली खाली ठेवली की ते आधी नातवंडाकडे धावतात.

पहिल्या दिवशी कैऱ्या धुऊन, साली काढून सारख्या आकाराच्या फोडी कराव्यात व कुकरमध्ये शिटी न लावता मऊ होईपर्यंत वाफवाव्यात. कच्च्या फोडी एकदम घट्ट पाकात टाकल्या तर त्यांतील पाणी झपाट्याने बाहेर येते, फोडी आक्रसतात आणि चामट होतात. वाफवलेल्या फोडींत मोजलेली साखर मिसळून पातेले झाकून रात्रभर ठेवावे. सकाळपर्यंत साखर विरघळून भरपूर पाणी सुटलेले असते. दुसऱ्या दिवशी बाळ झोपले की पंधरा-वीस मिनिटे मध्यम आचेवर उकळावे आणि झाकून ठेवावे. तिसऱ्या दिवशी पुन्हा उकळून वजनाला आणावे. पाक असा टप्प्याटप्प्याने घट्ट होत गेल्याने तो फोडीच्या आतपर्यंत मुरतो, म्हणून ही केवळ सवड नव्हे, मुरांब्याच्या गुणाच्या दृष्टीनेही हीच रीत उत्तम. वेलदोडा शेवटी पूड करून घालावा.

ज्या घरी चूल लावायचीच अडचण आहे तेथे कैरी किसून साखरेत मिसळावी, बरणीला पातळ फडके बांधावे आणि कडक उन्हात आठवडाभर ठेवून छुंदा करावा. मात्र हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. आभाळ येऊ लागले की ऊन फसवते.

आता सर्वांत महत्त्वाचे. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे त्याची भाजणी खोल होते. बाळाला कडेवर घेऊन पाक ढवळणे कटाक्षाने टाळावे. पातेले जमिनीवर निवत ठेवू नये. रांगणारे बाळ क्षणात तेथे पोहोचते. पाक आचेवर असेपर्यंत बाळ दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाच्या हाती असावे. हे माणूस म्हणजे बाळाचे वडील असले तरी चालते. दुर्दैवाने भाजलेच तर त्या भागावर वाहते थंड पाणी वीस मिनिटे धरावे व लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. सरबतांसाठी आणलेले सायट्रिक आम्ल, सोडियम बेन्झोएट, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट यांच्या पुड्या मिठा-साखरेसारख्या दिसतात. त्या नाव लिहून वरच्या फळीवर बंद डब्यात ठेवाव्यात. मुरांबा 68 टक्क्यांवर आणला तर त्यात यांपैकी कशाचीच गरज नाही.

मुरांबा तयार झाला की आजीचा प्रश्न ठरलेला: "बाय, बोटभर चाटवला तर काय बिघडतं?" प्रेमापोटी विचारलेला प्रश्न आहे, म्हणून उत्तरही समजुतीने द्यावे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर पिकलेला आंबा, चिकू, केळे कुस्करून वाटी-चमच्याने द्यावे. त्यात साखर नको. दोन वर्षांपर्यंत साखर घातलेले पदार्थ टाळलेलेच बरे. मधाचे तर अधिकच जपावे. मधात एका घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही, परंतु लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. म्हणून एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, मग तो घरच्या पेटीतला असला तरी.

बाळंतिणीने मात्र भाकरीबरोबर चमचाभर मुरांबा खायला हरकत नाही. आईने आंबट खाल्ले म्हणून दुधाला आंबटपणा येत नाही. तथापि मुरांबा म्हणजे पोषण नव्हे. पालेभाजी, डाळ, मासळी यांची जागा तो घेऊ शकत नाही. गरोदरपणी ज्यांची रक्तातील साखर वाढली होती, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा.

बरण्या काचेच्या घ्याव्यात, अर्धा तास पाण्यात उकळून पूर्ण कोरड्या कराव्यात. मुरांबा गरम असतानाच भरावा, झाकण घट्ट लावावे. एका मोठ्या बरणीपेक्षा अर्ध्या किलोच्या चार बरण्या सोयीच्या, कारण ओला चमचा एकीत गेला तरी बाकीच्या तीन वाचतात. प्रत्येकीवर तारीख व भरलेले वजन लिहावे. विक्रीचा विचार असल्यास 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी लागते, आणि मुरांब्यात फळाचे प्रमाण किमान 55 टक्के असावे लागते. वर दिलेल्या प्रमाणात ते जेमतेम बसते, तेव्हा साखर आणखी वाढवू नये.

करवंदे याच सुमारास तयार होतात. त्यांच्या जॅमसाठी पिकलेल्या फळांत थोडी कच्ची मिसळावीत, जॅम चांगला आळतो. वजनाची रीत तीच.